छोट्या ड्रोनविरुद्ध शॉटगन : शेवटचे चाळीस मीटर

खगवेध

युक्रेनच्या युद्धात २०२४ पासून ऑप्टिकल फायबरवर उडणारी एफपीव्ही ड्रोन (चालवणारा कॅमेऱ्याचं चित्र बघत उडवतो ती) मोठ्या संख्येने दिसू लागली आणि जॅमरचा (रेडिओ संदेशात गोंधळ घालणाऱ्या यंत्राचा) भरवसा उरला नाही. नियंत्रणाचा आदेश आणि कॅमेऱ्याचं चित्र केसाएवढ्या काचेच्या तंतूतून जातं. रेडिओच नाही, तर गोंधळ कशात घालणार? म्हणून खंदकात, पिकअपच्या हौद्यात, रसद नेणाऱ्या तुकडीत पुन्हा बारा बोअरची बंदूक आली. रशियन बाजूला सायगा-१२ आणि वेपर-१२, युक्रेनकडे मिळेल ती अर्धस्वयंचलित शॉटगन, आणि इटलीच्या बेनेलीने तर एम४ ची खास ड्रोनविरोधी आवृत्तीच काढली.

माझं म्हणणं आधीच मांडतो. शॉटगन हे ड्रोनविरोधी साखळीतलं शेवटचं कडं आहे, आणि त्याची लांबी जेमतेम ४० मीटर. या ४० मीटरांत काम होतं की नाही हे बंदुकीच्या किमतीवर ठरत नाही. ड्रोनच्या नाजूक भागांवर एका वेळी किती छर्रे पडतात आणि चालवणाऱ्याने येणाऱ्या लक्ष्यावर किती सराव केलाय, या दोन गोष्टींवर ठरतं.

वेळेचा हिशोब बघा. ताशी १०८ किमी म्हणजे सेकंदाला ३० मीटर. १०० मीटरवर ड्रोन दिसलं तर हातात सव्वातीन सेकंद. बंदूक खांद्याला लागेपर्यंत त्यातला एक गेला. ४० मीटरपासून १५ मीटरपर्यंतचा पट्टा ते ०.८ सेकंदात ओलांडतं. नीट नेम धरून दोन बार होतात, तिसरा क्वचित.

काडतूस, चोक, नेम, यंत्रणा, सराव आणि पाडल्यानंतरची खबरदारी यावर जाणकारांनी लिहावं. कुणाच्या छतावरून उडणाऱ्या हौशी ड्रोनचा विषय इथे नको. धागा लष्करी आणि अधिकृत सुरक्षा कामापुरता आहे.

---

सुहास_क

चांगला विषय. काडतुसाबद्दल माझं मत सरळ आहे : डबल-ओ बकशॉट, म्हणजे मोठ्या शिकारीचे जाड छर्रे. ८.४ मिमीचा छर्रा, साडेतीन ग्रॅमच्या आसपास वजन. कार्बन फायबरची चौकट आणि बॅटरी फोडायला तेवढा जोर हवा. पक्ष्यांचे बारीक छर्रे चौकटीवर आपटून परत येतील.

---

चोक_मॉडिफाइड

सुहासजी, एक छर्रा लागला तर काय होईल, त्याचं तुमचं वर्णन बरोबर आहे. पण तो लागण्याची शक्यता मोजा.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी आवळलेला भाग, फुल म्हणजे खूप घट्ट. फुल चोकमधून साधारण ३६ मीटरवर ७० टक्के छर्रे ७६ सेंमी व्यासाच्या वर्तुळात पडतात, ही चोकची जुनी प्रमाण व्याख्या. वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ४५०० चौ. सेंमी. समोरून येणाऱ्या एफपीव्हीचे खरे नाजूक भाग, म्हणजे मोटारी, कॅमेरा, बॅटरीचं तोंड आणि इलेक्ट्रॉनिक्स, मिळून १५० ते २०० चौ. सेंमी धरू. बाकी सगळी हवा आणि कार्बनच्या पट्ट्या.

डबल-ओच्या नेहमीच्या काडतुसात ९ छर्रे. वर्तुळात आले ६. म्हणजे ७५० चौ. सेंमीमागे एक. नेम अगदी बरोबर असूनही चारपैकी तीन वेळा नाजूक भागाला काहीच लागत नाही.

४ नंबर बक (६.१ मिमी), २७ छर्रे : वर्तुळात १९, सुमारे २४० चौ. सेंमीमागे एक. अजूनही नशिबाचाच भाग.

बीबी पोलाद (४.५७ मिमी), ३६ ग्रॅममध्ये ९० च्या आसपास : ७० चौ. सेंमीमागे एक. दोन-तीन लागतात.

४ नंबर शिसं (३.३ मिमी), ३६ ग्रॅममध्ये सुमारे १७० : ३८ चौ. सेंमीमागे एक. चार-पाच लागतात.

साडेसात नंबर (२.४ मिमी), त्याच वजनात साडेचारशेच्या जवळ : दहा-बारा लागतात, पण ३६ मीटरवर प्रत्येकात दीड-दोन ज्यूलच उरतात. ४ नंबर शिशात पाच-साडेपाच, बीबी पोलादात दहाच्या आसपास.

त्यामुळे २० ते ४० मीटरसाठी ३.३ ते ४.६ मिमी हाच पट्टा. साडेसात नंबर हाताशी असेल तर २०-२५ मीटरच्या आत तोही पंखे तोडतो, पण त्याच्यापुढे त्याच्यावर विसंबू नये.

चौकटीचं म्हणाल तर ती फोडायचीच नाही. चार-पाच मिमीची कार्बन पट्टी यातला कुठलाही बारीक छर्रा भेदणार नाही, आणि तशी गरजही नाही. चार पंख्यांच्या ड्रोनचा एक पंखा तुटला, मोटारीच्या फिरत्या कवचात आणि तारांच्या गुंडाळीत छर्रा अडकला, किंवा मोटारीकडे जाणारी एक तार कापली गेली की ते उलटंपालटं होऊन खाली येतं. कॅमेऱ्याची काच गेली तर चालवणारा आंधळा होतो, मात्र ड्रोन त्याच दिशेने येत राहतं हे विसरू नका.

---

सुहास_क

आकडे पटले. माझ्या डोक्यात छर्ऱ्याचा जोर होता, घनता नव्हती. टंगस्टनचं काय? आणि सहा पंख्यांच्या ड्रोनला हाच हिशोब लागतो का?

---

धातुकाम

टंगस्टनचं गणित घनतेत आहे. शिसं ११.३, पोलाद ७.८, बिस्मथ ९.७ च्या आसपास, टंगस्टनचे जड मिश्रधातू १८. ६ नंबरचा (२.८ मिमी) टंगस्टन छर्रा ०.२ ग्रॅमचा भरतो, म्हणजे ४ नंबर शिशाइतकाच. वजन तेवढंच, आडवा छेद कमी, म्हणून हवेचा अडथळा कमी आणि वेग जास्त टिकतो. शिवाय कठीण असल्याने नळीत चेपत नाही आणि पुंजका घट्ट राहतो. ५० मीटरच्या पुढे काही करायचं असेल तर हाच पदार्थ. अडचण किमतीची आहे. सरावाला टंगस्टन कुणी देत नाही, म्हणून त्याच वेगाचं आणि त्याच वजनाचं शिशाचं काडतूस सरावाला ठेवावं, म्हणजे नेमाची सवय बदलत नाही.

पोलादाबद्दल एक ताकीद. पोलादी छर्रे चेपत नाहीत, म्हणून मॉडिफाइड (मध्यम घट्ट) चोकमधूनच ते शिशाच्या फुल चोकएवढे घट्ट जातात. बीबीसारखे मोठे पोलादी छर्रे फुल चोकमधून मारले तर चोकच्या जागी नळी फुगू शकते. जुनी, पोलादासाठी न तपासलेली नळी असेल तर पोलाद नकोच.

सहा किंवा आठ पंख्यांचं जड ड्रोन एक मोटार गेली तरी तरंगत राहू शकतं. तिथे एका बारावर समाधान मानू नये, पडेपर्यंत मारत राहावं.

---

स्कीट_आठ

आता नेम. सगळ्यात जास्त बार वाया जातात ते इथे.

आधी एक फरक मनात पक्का करा. थेट तुमच्यावर येणारं ड्रोन आकाशात जागचं हलत नाही, नुसतं मोठं होत जातं. त्याला पुढचा नेम नको. नळी त्याच्यावर, बार. पण ते तुमच्या शेजारच्या गाडीवर जात असेल तर तुमच्यासाठी ते आडवं जाणारं लक्ष्य आहे आणि तिथे पुढे मारावंच लागतं.

नळीच्या तोंडाशी ४०० मी/से. असलेला छर्रा ४० मीटर जायला ०.१२ सेकंदाच्या आसपास घेतो. सेकंदाला २० मीटरने आडवं जाणारं ड्रोन तेवढ्यात अडीच मीटर सरकतं. ३० मीटरवर हा फरक पावणेदोन मीटर, २० मीटरवर साधारण एक. ड्रोनचा वेग सेकंदाला ३० मीटर असेल तर हेच आकडे पावणेचार, अडीच आणि दीड मीटरच्या जवळ जातात. पंख्यांसकट अर्धा मीटर रुंदीचं ड्रोन धरलं तर ३० मीटरवर पाच ड्रोनांएवढी मोकळी हवा सोडून मारायचं. रायफलीची सवय असलेला माणूस इतकं पुढे मारायला धजत नाही, म्हणून त्याचे छर्रे जवळजवळ कायम मागून जातात.

हे आकडे मैदानात मोजत बसायचे नसतात. पद्धत अशी : दोन्ही डोळे उघडे, नजर ड्रोनवर, नळीवर नाही. नळी ड्रोनच्या मागून त्याच्याच रेषेत आणायची, त्याच्यातून पुढे न्यायची, मोकळी हवा दिसली की चाप ओढायचा, आणि बार झाल्यावरही नळी फिरतीच ठेवायची. चुका तीनच, पण हटकून होणाऱ्या. चाप ओढताना नळी थांबते. लागलं का ते बघायला गाल दस्त्यावरून उचलला जातो आणि बार वरून जातो. तिसरी, ७०-८० मीटरवरच घाईने सुरुवात होते आणि ड्रोन टप्प्यात येतं तेव्हा बंदूक रिकामी असते.

अंतराचा अंदाज आधीच बांधून ठेवा. आपल्या जागेपासून ४० मीटरवर एखादा खांब, झाड, दगड हेरून ठेवायचा. ड्रोन त्याच्या अलीकडे आलं की बार.

---

खगवेध

स्कीट_आठ, नाव वाचूनच विचारतो : सरावाला स्कीटचं (उडत्या मातीच्या तबकड्यांवर नेमबाजीच्या खेळाचं) आठवं स्थान किती उपयोगी?

---

स्कीट_आठ

खूप. आठव्या स्थानावर मातीची तबकडी जवळजवळ डोक्यावरून येते आणि निर्णयाला सेकंदापेक्षा कमी वेळ मिळतो. एफपीव्हीच्या सगळ्यात जवळ जाणारा प्रसंग तोच. ट्रॅप या दुसऱ्या तबकडी-खेळाचा उपयोग कमी, कारण तिथे तबकडी दूर जाते.

दोन मर्यादा मात्र आहेत. तबकडी सुटल्यापासून मंदावत जाते, ड्रोन शेवटच्या टप्प्यात वेग वाढवतं आणि वळतं. आणि ११० मिमीची तबकडी एक-दोन बारीक छर्ऱ्यांनी फुटते, ड्रोन तसं फुटत नाही. त्यामुळे तबकडीवर २५ पैकी २० मारणाऱ्याला ड्रोन सोपं वाटू लागतं. पुढचा टप्पा म्हणून लांब दोरीला फुगा किंवा फोमचा तुकडा बांधून तो जुन्या ड्रोनने ओढत न्यायचा. दोरी किमान १५-२० मीटर, आणि ओढणारं ड्रोन सुरक्षित कोनाबाहेर गेल्याशिवाय बार नाही. चालवणारा पूर्णपणे आडोशामागे.

सरावाचा क्रम : आधी उभ्याने येणारी तबकडी, मग बंदूक खाली धरून सुरुवात, मग चिलखत-शिरस्त्राणासह, मग पाठमोरं उभं राहून हाक आल्यावर वळून. चिलखताशिवायचा सराव चिलखतात उपयोगी पडत नाही.

---

दस्ता_आणि_नळी

चिलखताचा मुद्दा महत्त्वाचा. चिलखताच्या पुढच्या प्लेटमुळे बटाची टाच खांद्यापासून तीन-चार सेंमी पुढे राहते. दस्ता लांब वाटतो, गाल नीट बसत नाही, आणि बार वर किंवा बाजूला जातो. उपाय म्हणजे आखूड दस्ता किंवा पुढेमागे सरकणारा दस्ता. रबरी पॅड चिलखताच्या कापडावर अडकत असेल तर त्याच्या वरच्या कडेला गुळगुळीत टेप लावावी.

यंत्रणेबद्दल :

बाराच्या वायूवर चालणाऱ्या बंदुकीचा बोल्ट २४ ग्रॅमच्या हलक्या सरावाच्या काडतुसावर पूर्ण मागे सरकत नाही, रिकामी पुंगळी अडकते. ३२ ग्रॅमपासून वर शक्यतो त्रास नाही. नळीखालचे वायूचे भोक आणि पिस्टन काजळी धरतात, ते वेळच्या वेळी साफ करावेत. धक्क्यावर चालणारी यंत्रणा स्वच्छ राहते, पण तिला मागे घट्ट खांदा लागतो. सैल धरली, किंवा बंदुकीवर टॉर्च, रेल, लांब मॅगझिन असं बरंच वजन चढवलं, तर हलक्या काडतुसावर तीही अडते. पंप (हाताने मूठ मागेपुढे ओढून भरायची बंदूक) कधी अडत नाही असं म्हणतात, पण घाईत मूठ अर्धीच मागे ओढणारी माणसं अडतात. आणि ०.८ सेकंदाच्या पट्ट्यात पंपाने दुसरा नेमका बार फार थोड्यांना जमतो. या कामाला अर्धस्वयंचलितच.

प्लास्टिकची काडतुसं नळीच्या मॅगझिनमध्ये स्प्रिंगच्या दाबाखाली आठवडेच्या आठवडे ठेवली की तोंडाशी फुगतात आणि आत जाताना अडतात. सायगासारख्या डब्याच्या मॅगझिनमध्ये बंद बोल्टखाली सगळ्यात वरचं काडतूस चेपतं. त्यामुळे काडतुसं ठरावीक दिवसांनी बाहेर काढून बदलायची, चेपलेली सरावात संपवायची. रोज पहाटे काडतुसांची पितळी टाच कोरड्या फडक्याने पुसायची. त्या कडेवर चिखल असेल तर पुंगळी बाहेर ओढणारा आकडा ती धरत नाही.

नळी ६६ ते ७१ सेंमी चांगली. ४६ सेंमीची आखूड नळी गाडीत सोयीची, पण आकाशात फिरवताना ती झटकन थांबते, आणि थांबलेली नळी म्हणजे मागे गेलेला बार.

---

मृगनयनी_

चोकबद्दल थोडंच आलंय. जवळच्या बाराला फुल चोक उलटा पडत नाही का?

---

चोक_मॉडिफाइड

पडतो. साधारण १८ मीटरवर फुल चोकचा फैलाव ४० सेंमीच्या आसपास, सिलिंडरचा (न आवळलेल्या नळीचा) ८० सेंमीच्या आसपास. म्हणजे जवळ फुल चोकला चुकीला जागा निम्मीच. उलट ३६ मीटरवर सिलिंडर वर्तुळात ४०च टक्के देतो, मोठी भोकं राहतात आणि ड्रोन त्यातून सुटतं. शिशाला मॉडिफाइड किंवा त्याहून एक पायरी घट्ट, पोलादाला मॉडिफाइडच. दोघे बंदूकधारी असतील तर एकाकडे घट्ट, दुसऱ्याकडे सैल असं वाटून घ्यावं.

पण छापलेल्या टक्केवारीवर थांबू नका. तीच नळी, तोच चोक, काडतुसाची कंपनी बदलली की पुंजका बदलतो. चाचणी अशी करा : १२० सेंमी चौरस कागद, २०, ३० आणि ४० मीटरवर, प्रत्येक अंतराला पाच-पाच नवे कागद, टेकू घेऊन मधल्या खुणेवर बार. मग पुठ्ठ्यावर खऱ्या मापाचं ड्रोन समोरून दिसतं तसं कापून मोटारी, कॅमेरा, बॅटरी खिडक्यांसारखे कोरून काढायचे. ते साचे कागदावर घनदाट भागाच्या मध्ये ठेवायचे आणि खिडक्यांत पडलेली भोकं मोजायची. पाचपैकी पाचही कागदांवर किमान तीन भोकं येतात ते सगळ्यात लांबचं अंतर म्हणजे त्या बंदूक-काडतूस जोडीचा खरा पल्ला. तो आकडा दस्त्यावर लिहून ठेवावा. बऱ्याच जोड्यांचा तो ४० च्या आतच येतो.

---

पहारा

बंदूक कितीही चांगली असली तरी ड्रोन दिसलं पाहिजे. युक्रेनमधला ‘त्सुकोरोक’सारखा खिशातला डिटेक्टर रेडिओवरच्या ड्रोनची सूचना देतो. फायबरवालं ड्रोन काही प्रसारित करत नाही, तिथे डिटेक्टर गप्प. मग डोळे आणि कान. आवाज वाढवणारे आणि बाराच्या वेळी बंद होणारे इलेक्ट्रॉनिक कर्णरक्षक इथे फार मोलाचे, कारण साधे कर्णरक्षक बहिरं करतात आणि उघडे कान चार-पाच बारांनंतर निकामी.

चालत्या गाडीवर बंदूकधाऱ्याला दुसरं काम देऊ नये. एक पुढे बघणारा, एक मागे बघणारा. मागचा महत्त्वाचा, कारण ड्रोन मागून गाठतं. दोघांनी एकाच वेळी रिकामं व्हायचं नाही : पहिला मारतो, दुसरा बंदूकधारी ड्रोन २५ मीटरवर आल्यावर मारतो. गाडीला मजबूत पट्टा किंवा कठडा असावा, उभ्या माणसाची कंबर त्यात अडकलेली हवी. वळणावर तोल गेला की भरलेली नळी आपल्याच माणसांवर फिरते.

फायबरवाली ड्रोन रस्त्याकडेला बसून वाट बघतात. बसलेलं ड्रोन दिसलं तर ते उठण्याआधीच, आडोशातून, आपल्या बंदुकीच्या खऱ्या पल्ल्याच्या शेवटच्या टोकावरून मारावं.

आणि ८०-१०० मीटर वर थांबून ग्रेनेड टाकणारं मॅविक (चार पंख्यांचं कॅमेरा ड्रोन) हे शॉटगनचं लक्ष्य नाही. तिथे काडतूस न घालवता आडोसा घ्यायचा.

---

विस्मय_प

जाळ्याची काडतुसं कुणी बोललं नाही. स्कायनेट एमआय-५ म्हणून बारा बोअरचं काडतूस आहे. त्यातून दोरीने जोडलेले पाच भाग सुटतात आणि सुमारे दीड मीटर रुंदीचं जाळं उघडतं. पंख्यांत अडकलं की संपलं. गर्दीजवळ छर्रे पडायला नको असतील तिथे विचार करण्यासारखं आहे.

---

चोक_मॉडिफाइड

संथ किंवा थांबलेल्या ड्रोनला ठीक. ताशी १०० किमीच्या एफपीव्हीला मी पहिल्या काडतुसात ते भरणार नाही. जाळ्याला हवेचा अडथळा मोठा, वेग झपाट्याने पडतो, आणि वर लिहिलेला पुढचा नेम छर्ऱ्यांपेक्षा पूर्ण वेगळा होतो. एकाच मॅगझिनमध्ये दोन वेगळे वेग मिसळू नयेत.

---

सुरुंगशोध

पाडल्यानंतरचं लिहितो, कारण माणसं इथे जखमी होतात.

पाच मीटर उंचीवर मारलेलं ड्रोन जमिनीवर यायला एक सेकंद घेतं. त्याचा वेग सेकंदाला ३० मीटर असेल तर ३० मीटरवर पाडलेलं ड्रोन स्फोटकासह तुमच्या पायाशी येऊ शकतं. उलटंपालटं झाल्याने ते आधीच पडेल, पण त्यावर भिस्त ठेवू नका. शेवटचा बार झाला की लगेच बाजूला आणि खाली. शेवटचा बार शक्यतो २०-२५ मीटरवर संपवावा तो यासाठीच. दहा मीटरवर यशस्वी बार म्हणजे पुष्कळदा स्फोटाच्या टप्प्यातला बार.

पडलेलं ड्रोन मेलेलं समजू नये. स्फोटकाचा फ्यूज जिवंत असू शकतो, वायर हलली तरी पुरे. फिरता पंखा, चमकणारा दिवा दिसत असेल तर कॅमेरा अजून चित्र पाठवतोय असंच धरा. फुटलेली लिथियम बॅटरी काही मिनिटांनीही पेटते आणि ती ज्वाळा स्फोटकाला लागून असते. जवळ जायचं नाही, पायाने ढकलायचं नाही, आठवण म्हणून उचलायचं तर नाहीच. खूण करायची, जागा सोडायची, बॉम्बनाशक पथकाला कळवायचं. मागे पसरलेला काचेचा तंतूही ओढायचा नाही.

---

वकिली_टिपण

नागरी वाचकांसाठी. अमेरिकेत ड्रोन कायद्याने विमानच आहे आणि विमान नष्ट करण्याबद्दलच्या संघीय कलमात वीस वर्षांपर्यंत कैद आहे. इतर अनेक देशांतही परवानगीशिवाय ड्रोनवर बार करणं हा गुन्हा ठरतो. सुरक्षा यंत्रणेलाही कायद्याने दिलेला अधिकार लागतो.

---

दस्ता_आणि_नळी

आणि छर्रे कुठे पडतात तेही. वर मारलेल्या छर्ऱ्याचा जास्तीत जास्त पल्ला छर्ऱ्याच्या व्यासावर ठरतो. शिशाचा साडेसात नंबर सुमारे १९० मीटर, ४ नंबर २६० मीटर, डबल-ओ ६६० मीटरच्या आसपास. खाली येताना बारीक छर्ऱ्याचा वेग फार कमी असतो, डबल-ओचा तेवढा कमी नसतो. म्हणून तळाच्या आत, आपलीच माणसं आजूबाजूला असताना, बारीक छर्ऱ्याची बाजू आणखी भक्कम होते. रायफलीची गोळी आकाशात सोडली तर ती किलोमीटरभर पुढे कुणाच्या तरी डोक्यावर येते. युक्रेनने ५.५६ मिमीसाठी हवेत तुकडे होणारी गोळी काढली आहे, ज्याच्याकडे शॉटगन नाही त्याला तेवढा आधार. पण ५ तुकडे आणि १७० छर्रे यांतला फरक वरच्या हिशोबात घालून बघा.

---

मृगनयनी_

चोक_मॉडिफाइड, साचा कोरताना सात इंची पंख्यांच्या ड्रोनचा घ्यावा की दहा इंचीचा?

---

चोक_मॉडिफाइड

सात इंचीचा. त्यावर तीन भोकं येणारं अंतर दहा इंचीला आपोआप पुरतं. आणि साचा समोरून आणि खालून असे दोन कापा. डोक्यावरून जाणाऱ्या ड्रोनची बॅटरी किती दिसते ते ती कुठे बांधली आहे त्यावर ठरतं : खाली बांधली असेल तर खिडकी मोठी, वर बांधली असेल तर मधली पट्टी आणि खाली लटकलेला भार तिला झाकतो. दोन्ही प्रकार कापा आणि लहान आकडा धरा.